उतरण्याचा आवाज

प्रिय टोळ,

पाकीट बघून तुझ्या मनात पहिला संशय हाच येणार की हातात फोन असताना याने पत्र कशाला लिहिलं, नक्की काहीतरी भानगड आहे. आहेच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. या आठवड्यात पाय कसा आहे विचारलं की म्हणतेस, कुठला, मला दोन आहेत. पुन्हा विचारलं की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून कागद घेतला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पुढे हसायला फारशी जागा नाही.

माझं काम बदललं हे आईने तुला तेव्हाच सांगितलं असेल, पण काय काम ते तिला कळलेलं नाही. ती शेजारणीला सांगते, मुलगा कॉलेजात असतो. खोटं नाही. टायरचं दुकान सोडलं, मग धोबीखाना सोडला, मग कुठलंच दार दिसेना तेव्हा एकाने इथे चिकटवलं. कॉलेजच्या खेळाडूंची वजनांची खोली आहे, तिच्या किल्ल्या माझ्याकडे. पहाटे साडेपाचला उघडायची, दांडे पुसायचे, लोखंडी चकत्या वजनाप्रमाणे लावायच्या, रबराच्या फरशीवरचा घाम धुवायचा. पोरंपोरी मला किल्ली म्हणतात. खरं नाव कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुला माहीत आहे, मी कुठे टिकत नाही. इथे दीड वर्ष टिकलो, याचा आधी मलाच संशय आला.

तसा मला सगळ्यांचाच संशय येतो. या खोलीच्या मालकीण म्हणजे एक मॅडम आहेत, खेळाडूंची ताकद वाढवणं हे त्यांचं काम. बुटक्या आहेत, आवाज मोठा, आणि शिट्टी कायम हरवलेली. पहिले दोन महिने माझी पक्की खात्री होती की बाई कामचोर आहेत. ताकद वाढवायची म्हणजे वजन वाढवायचं, एवढं मलाही कळतं. आणि या काय करायच्या, तर सामन्याच्या आठवड्यात दांड्यावरच्या चकत्या काढून ठेवायला लावायच्या. धडधाकट पोरींना गुडघ्यावर बसवून, मागून कुणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे पडायला सांगायच्या. एका पायावर उभं करायच्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे त्या लाकडी खोक्यावरून खाली उडी मारायला लावायच्या. वर नाही, खाली! उतरायचं आणि तीन मोजेपर्यंत पुतळा व्हायचं. म्हटलं, यासाठी पगार देतात? मी फरशी पुसता पुसता पाळत ठेवायला लागलो. कधी येतात, कधी जातात, कुणाला जास्त वेळ देतात. मनात यादीच केली होती.

त्यांच्या ते लक्षात आलं. एकदा फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, काय रे किल्ली, माझ्यामागे लागलायस का? बोल काय ते. मी बोललो. वाटलं, गेली ही पण नोकरी. त्या हसल्या. म्हणाल्या, तू टायरच्या दुकानात होतास ना, मग सांग, ट्रकला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं आणि ब्रेक जुनेच ठेवले तर? मी म्हटलं, उतारावर जाईल की कुणाच्या तरी घरात. म्हणाल्या, या पोरींची इंजिनं सगळे वाढवतात. ब्रेक मी बसवते. गुडघा उडताना जात नाही रे, उतरताना जातो. मांडीच्या मागचा स्नायू वेळेवर धरत नाही, गुडघा आत वळतो आणि दोरी तुटल्यासारखं आतलं काहीतरी तुटतं. मग वर्ष गेलं. कधी कधी खेळच गेला. सगळं थांबवता येत नाही, पण पुष्कळ थांबवता येतं.

मग त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाल्या, आता नुसतं ऐक. पोरी एकेक करून खोक्यावरून उतरायला लागल्या. जी नीट उतरते तिचा आवाज एकच येतो, टप, तोही मऊ, मांजर ओट्यावरून उतरल्यासारखा. जिचा एक पाय दुसऱ्याला वाचवतो तिचा आवाज दोनदा येतो, टप-टप, मधे केसाएवढी फट. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. महिन्याभरात मी पाठ फिरवून सांगायला लागलो, ही डावा वाचवतेय, हिची झोप झालेली नाही. मॅडम वहीत टिपायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. टोळ, जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी पहिला आलो.

दाराशी एक पेटी आहे, त्यात रोज सकाळी प्रत्येकीने एक तक्ता भरून टाकायचा. झोप किती, थकवा किती, दुखतंय किती, शून्य ते दहा. मी मॅडमना म्हटलं, सगळ्या खोटं लिहितात, दुखतंय म्हटलं तर संघातून काढाल या भीतीने. म्हणाल्या, लिहू दे की. रोज एकसारखंच खोटं लिहितात, म्हणून बदललं की मला कळतं. सहा वाजून दहा मिनिटांनी पेटी रिकामी करायच्या आणि त्यावरून ठरवायच्या, आज कुणाला किती वजन आणि किती उड्या.

आता खांबाचं सांगतो. खांब म्हणजे इथल्या व्हॉलीबॉल संघातली सगळ्यात उंच पोरगी, दाराच्या चौकटीला नमस्कार करून आत येणारी. माझ्याशी बोलणारी ती एकटीच. किल्ली, आज मिशी कापलीस वाटतं, चोर दिसायचास, आता पोलीस दिसतोस, असलं काहीतरी. तुझ्याच वयाची, तुझ्याच खेळातली. गेल्या महिन्यात तिचा आवाज दोनदा यायला लागला. मी मान वळवून बघितलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. नंतर पाण्याच्या पिंपाजवळ आली आणि म्हणाली, तू काही ऐकलं नाहीस हं. पंधरा दिवसांनी निवड आहे, तेवढी होऊ दे, मग मीच सांगते. त्या दिवशी मॅडम दुसऱ्या गटाबरोबर मैदानावर होत्या. मला विचारायला कुणी नव्हतं. मी गप्प बसलो. खरं सांगू का, मला बरं वाटलं. कुणीतरी मला काहीतरी सांभाळायला दिलं होतं.

सकाळी तिचा गुडघा आखडलेला असायचा, जिना उतरायला वेळ लागायचा, पेटी रिकामी होईपर्यंत ती पोचायची नाही. उशीर झाला की मॅडम चौकशी करणार. म्हणून तिने मला सांगितलं, माझा तक्ता तू टाकत जा, कालचंच लिही. झोप आठ तास, थकवा दोन, दुखणं शून्य. मी लिहिलं. आठ दिवस लिहिलं. आणि रोज त्या शून्यावर भरवसा ठेवून मॅडमनी तिला पूर्ण उड्या दिल्या. खोक्यावर ती आली की मी बादलीत जोरात पाणी सोडायचो, आवाज झाकायला. हुशारी बघ माझी.

नवव्या दिवशी सरावाच्या सामन्यात ती जाळीपाशी उडाली, चेंडू मारला, गुण मिळाला, सगळ्या ओरडल्या, आणि ती उतरली. त्या ओरड्यातही मला गुडघ्यातली ती दोरी तुटल्याचं ऐकू आलं. ती रडली नाही, फक्त छताकडे बघत राहिली आणि मॅडमचा हात सोडेना. दुपारी मी खोली झाडायला गेलो तर मॅडम बाकावर बसून महिन्याभराचे तक्ते उलटत होत्या. पुन्हा पुन्हा. मला म्हणाल्या, किल्ली, एकही दिवस शून्याच्या वर नाही रे. माझ्या नजरेतून काय सुटलं? मी झाडू घेऊन उभा होतो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर या बाईने एकदाही संशय घेतला नव्हता. मी तेव्हाही गप्प बसलो. पाच दिवस.

आता तुझं. गेल्या रविवारी आईशी बोललो. ती कौतुकाने सांगत होती, पोर सुट्टीत आली तर किती शहाणी झालीये, जमिनीवर पसारा करून बसत नाही, खुर्चीवर बसूनच कपड्यांच्या घड्या घालते. माळ्यावरून उतरताना उडी मारत नाही, एकेक पायरी उतरते. टोळ, तू? माळ्यावरून? लहानपणी शिडीची आपल्याला अडचण व्हायची. मग आठवलं, वसतिगृहातली वरच्या मजल्यावरची खोली सोडून तू तळमजल्यावर आलीस, म्हणे मैत्रीण चांगली मिळाली. आणि तुमच्याकडची वजनांची खोली म्हणजे जुन्या खुर्च्यांचं गोदाम, हे तूच सांगितलं होतंस. ब्रेक कुणी बसवत नाही, नुसत्या सिमेंटवर दोनशे दोनशे उड्या. मग मी तू पाठवलेला व्हिडिओ काढला, तो ज्याच्याखाली लिहिलं होतंस, बघ तुझा टोळ किती उंच गेला. चित्र बघितलंच नाही. फोन उलटा ठेवला आणि ऐकलं. अकरा उड्या आहेत. अकराही वेळा दोनदा आवाज येतो.

तर आता पत्र का लिहिलं ते. काल मी मॅडमना माझ्या आठ शून्यांचं सांगितलं. किल्ल्या मागतील म्हणून मी त्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या म्हणाल्या, उचल त्या, आणि पेटीला यापुढे हात लावायचा नाही. मग मी तुझा व्हिडिओ ऐकवला. तिसऱ्या उडीलाच म्हणाल्या, हिच्या सरांचा नंबर आहे का? तू हौसेने निवडीच्या नोटिशीचा फोटो पाठवला होतास, त्यात खाली होता. मी फोन लावला, मीच बोललो, मग मॅडम बोलल्या. म्हणजे हे पत्र पोचेल तोवर सरांनी तुला बोलावून घेतलेलं असेल, डॉक्टरने बघितल्याशिवाय उडी नाही असं सांगितलं असेल, आणि निवड तुझ्याशिवाय झाली असेल. त्या निवडीवर तुझी खोली आहे, फी आहे, आई शेजारणीला काय सांगणार तेही आहे, हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी केलं. चहाडी कुणी केली म्हणून तू खोलीतल्या मैत्रिणीवर डोळे वटारत असशील. तिला सोड, ती बिचारी काही बोललेली नाही. मी केली. आत दोन कागद आहेत. एकावर मॅडमनी व्यायाम लिहून दिलेत, डॉक्टर हो म्हणाले की करायचे, गोदामातली एक खुर्ची पुरते म्हणाल्या. दुसरा कोरा तक्ता आहे. रोज सकाळी भर आणि मला फोटो पाठव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, नुसता फोटो पाठव. पण शेवटच्या रकान्यात खरं लिही. खोटं शून्य कसं दिसतं ते मला कळतं गं, मी आठ लिहिलीत.

तुझाच,
चहाडखोर दादा