कागदाखालची बाई

मोरबी,
दि. १४ एप्रिल २०२५

उज्वलाताईस,

सोमनाथचा नमस्कार. मी बरा हाय. आता टाईल्सच्या कारखान्यात भट्टीवर लागलोय, वर्षातलं चौथं काम. अक्षर सांभाळून घे, सातवीनंतर पेन आजच धरलाय. फोनवर का नाय बोललो म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि हे चारचौघांत बोलायचं नाय. गोटीराम उद्या ट्रक घेऊन पिंपळगावला निघालाय, त्याच्याकडं पत्र देतोय.

रविवारी दुपारी तेजू फोनवर मला गोष्ट सांगत होती. "मामा, आमच्या शेततळ्यात कागदाखाली एक बाई राहते. टाळ्या वाजवून बोलवते." लगेच तुझ्या सासूबाई मागून, "ए बये, दिवसा गोष्टी सांगू नये, मामा वाट चुकतो!" तू म्हणालीस, "तो आधीच चुकलेला हाय." सगळे हसले. मी पण हसलो. नंतर भट्टीपुढं उभा असून मला हुडहुडी भरली.

ताई, आपला धाकटा आशू तळ्यात बुडाला त्या दुपारी मी झोपलो होतो असं सगळ्यांना सांगितलं. मी झोपलो नव्हतो.

तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दादा, तळ्यात कागदाखाली बाई हाय ना, ती टाळ्या वाजवून बोलवते." मी मोबाईलवर गेम खेळत होतो. वर न बघताच म्हणलो, "गप रे. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो." सात वर्षांचं पोर, मामाच्या काळजीनं खरंच गप बसलं. थोड्या वेळानं उठून गेलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्याचा प्लास्टिकचा कागद उघडा पडतो, वाऱ्यानं फडफडतो. टाळीसारखा आवाज येतो. तेवढंच असेल, असं मी रोज स्वतःला सांगतो. पण ह्या बाईची गोष्ट मी आजवर कुणापाशी काढली नाय. आबांनी आपलं तळं बुजवलं त्यालाच नऊ वर्षं झाली. मग तेजूला कुणी सांगितली?

तुम्ही हसत होता तेव्हा ती हळूच आणखी बोलली. "मामा, आता बाईसंगं एक पोरगा पण टाळ्या वाजवतो. पुढची गोष्ट इथं येऊन ऐक म्हणतो."

त्यानंतर मी तीनदा फोन केला, तिला तळ्याकडं सोडू नको म्हणलो. तू "हो रे बाबा" म्हणून ठेवून दिलास.

दाजींना सांगून तळ्याला जाळी लावून घे. पण त्याच्या आधी, पत्र हातात पडेल तेव्हा, भर दुपार असली तरी तेजूला मांडीवर घे. गोष्ट सांग म्हण. ती थांबली की "मग काय झालं?" विचार. सासूबाई ओरडल्या तरी विचार. पुढची गोष्ट तिनं तुझ्यापाशीच संपवली पाहिजे. मामाचं काय व्हायचं ते होऊ दे.

मग मला फोन कर. आशूवरून शिव्या द्यायच्या त्या नंतर दे, मी सगळ्या ऐकीन. आधी फक्त एवढं सांग, तेजू आत्ता कुठं बसलीय.

त्या दुपारी जागा होता तो तुझा भाऊ,
सोमनाथ