खंडेनवमीचं कुंकू आणि श्वेता मॅडमच्या नळ्या

नागपूर, महाल

तीर्थस्वरूप रुपरावमामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. भिवापूरला मिरचीला फुलोरा आला असेल, मामींचा गुडघाही बरा असेल. तुम्ही शब्द टाकून लावलेली नोकरी अजून आहे. (कॉलेज प्राचार्यांशी भांडून सोडलं, इथे भांडायचं नाही असं तुम्ही कबूल करून घेतलं होतं. त्याबद्दलच लिहितो.)

आमच्या प्रयोगशाळेत श्वेता मॅडम कार्बनच्या नळ्यांचा अभ्यास करतात. नळ्या केसाहून हजारो पट बारीक. त्यांच्यावर क्ष-किरण टाकले की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, आणि त्यांची ऊर्जा मोजून मशीन सांगतं की ते आत कसे नांदत होते. (हे मॅडमनी स्वतः समजावलं. समजल्यावरही मी पुन्हा विचारलं.)

खंडेनवमीला सगळे घरी गेले. आपण तराजूपासून स्कूटरपर्यंत सगळं पुजतो, मग मॅडमच्या मशीननंच काय पाप केलं? हार घातला, कुंकू लावलं. शेजारी झाकणाखाली त्यांचा नमुना होता, कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा. झाकण काढून त्यालाही कुंकवाचं बोट लावलं, भक्तीनं. मशीन फक्त वरचा पातळ थर पाहतं हेही मॅडमनी सांगितलं होतं, पण तेव्हा मी त्यांच्या कानातल्या डुलाकडे पाहून राहिलो होतो.

दसरा उलटल्यावर नमुना मशीनमध्ये घातला, तर आलेखात कॅल्शियम निघालं. कॅल्शियम म्हणजे चुना. (कुंकवात असतो, मला काय माहीत?) आणि नागपुरात चुना म्हटला की पहिली आठवण तंबाखू-सुपारीत चुना घोटलेल्या खर्र्याची. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं, इथे खर्रा कोण खातं. सगळ्यांनी साहिलकडे पाहिलं. तो मॅडमसोबतच संशोधन करतो, खर्रा खातो, पण गेटबाहेर. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, माझं डोकं फिरलं आणि मी त्याची कॉलर धरली.

"काहून गा, हात धुवाले काय होते तुले?"

"मी हातच नाही लावला गा," तो म्हणाला.

तेव्हा मला आठवलं, बोट कोणाचं होतं. तोवर कॉलर बटणासकट हातात आली होती.

साहिलला आता मशीनजवळ येऊ देत नाहीत. आणि मॅडम मला म्हणाल्या, "तू होता म्हणून बरं झालं." हे ऐकायला वर्षभर झुरलो मामा, आणि ऐकलं तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं. सरांची तब्येत नाजूक आहे, म्हणून अजून बोललो नाही.

तुमचा,
अश्विन

ता.क. सोमवारी या. सरांना खरं सांगायचं आहे. एकटा गेलो तर माफी मागता मागता भांडण होईल. तुम्ही फक्त माझं मनगट धरून उभे राहा.

आणखी ता.क. सरांची तब्येत ठणठणीत आहे. नोकरी गेली तर मॅडम दिसणार नाहीत, म्हणून गप्प होतो. पण आता त्या येताना दिसल्या की मीच जिन्याखाली लपतो.