रोडाकडचं घर

२० सप्टेंबर २०१६

आज भात करपला. कुकरच्या शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. मी कुकरसमोरच उभी, अन् खाली चौकात दोन ट्रक एकमेकांवर हॉर्न मारून राह्यले. घरमालक पांडुरंगराव घर दाखवताना म्हणाले होते, "पाचव्या माळ्यावर कायचा आवाज, बाई? वर निस्ती हवा."

हवा! समोर नवी बिल्डिंग उभी आहे, त्यामुळं रोडाचा सगळा आवाज दोन भिंतींच्या मधून सरळ वर चढते. मांडणीतली ताटं थरथरतात.

२२ सप्टेंबर

नेरडीगोंडा सोडून आदिलाबादला आलो ते यांच्या दवापाण्यासाठी. उन्हाळ्यात यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आता एखादा शब्द परत येते, पण आवाज एवढासा. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम येतात, त्या सांगतात — त्यांनी काही म्हटलं की लगेच उत्तर द्या, नाही तर ते प्रयत्न सोडतील.

उत्तर कशाचं देऊ? आज तोंडाला कान लावला. काहीतरी बोलले. बस गेली. "काय म्हणलं?" विचारलं. परत बोलले. ट्रक गेला. अजून विचारलं तर डोळे मिटून घेतले.

२३ सप्टेंबर

सगळ्या खिडक्या लावल्या. घामानं अंग चिकट. पंखा लावला, तर आता पंख्याचा आवाज.

२८ सप्टेंबर

कचेरीत अर्ज घेऊन गेली. चौकात 'हॉर्न वाजवू नका' अशी पाटी लावा, एवढंच मागणं. तिथं फायलींचे गठ्ठे बांधून जमिनीवर ठेवलेले. एका जिल्ह्याचे चार होऊन राह्यले, कोणाचं टेबल कुठं जाईल पत्ता नाही. साहेब म्हणाले, "अम्मा, दसरे के बाद आइए. अभी हमको ही नहीं मालूम हम किधर बैठेंगे."

मी म्हणली, "साब, मेरा आदमी बोलता है और मेरे को सुनाई नहीं देता."

त्यांना वाटलं मीच बहिरी. मोठमोठ्यानं बोलायला लागले.

२ ऑक्टोबर

यांच्यावर ओरडली. "मोठ्यानं बोला ना जी!" आवाज निघत असता तर त्यांनी काढला नसता का? मग डोकं एवढं दुखलं की उलटी झाली.

७ ऑक्टोबर

मागच्या बाजूच्या फ्लॅटमधले लक्ष्मणराव आले. सरकारी कारकून. त्यांना नव्या जिल्ह्यात आसिफाबादला पाठवून राह्यले. तोंड उतरलेलं. "वहिनी, पोरं हितंच लहानाची मोठी झाली. आता म्हणतात तुमी दुसऱ्या जिल्ह्याचे."

मी 'अरेरे' म्हणली. मनात मात्र एकच — यांचं घर रिकामं होईल. तिकडं रोड नाही, मागं कापसाचं शेत आहे. ते आपल्या दारापर्यंत पोचले नसतील, मी पांडुरंगरावांना फोन लावला. लाज वाटली, तरी लावला.

११ ऑक्टोबर, दसरा

खाली फटाके, घोषणा. आजपासून जिल्हा लहान. लक्ष्मणरावांचं सामान टेम्पोत चढलं. संध्याकाळी आमी यांची खाट मागच्या घरात नेली. दार लावलं. गॅलरीत कबुतर उडालं, त्याचे पंख ऐकू आले. मी खालीच बसली अन् रडली.

१४ ऑक्टोबर

दुपारी झोपली. गाढ. लग्नाआधी झोपत होती तशी.

१८ ऑक्टोबर

हे बोलत नाहीत. मॅडमनी "पाणी म्हणा" म्हटलं, तर भिंतीकडे पाहत राह्यले. जेवण अर्ध्यावर आलं. हात हलवून काही मागायचे, तेही बंद. आता एवढं सगळं ऐकू येते, अन् बोलायला कोणी नाही. चीड येते. कोणासाठी केलं मी हे?

२१ ऑक्टोबर

मॅडमनी विचारलं, हे पहिले काय काम करायचे. सांगितलं — नेरडीगोंड्याला हायवेवर चहाचं हॉटेल होतं, मागच्या खोलीत आमचा संसार. दिवसरात्र गाड्या थांबायच्या. हॉर्न वाजला की हे उठून गिलास धुवायला घ्यायचे.

"मग यांना शांततेची सवय कधी होती?" मॅडम म्हणाल्या.

राग आला त्यांचा.

२४ ऑक्टोबर

आज हे पहिलं पूर्ण वाक्य बोलले. मी बशीत चहा ओतून देत होती. एक एक अक्षर नीट ऐकू आलं — "तुळजा, हितं भेव वाटते. रोडाकडं ने."

रोडाकडचं आमचं जुनं घर अजून रिकामंच आहे. पांडुरंगरावांना फोन लावला. त्यांनी उचलायच्या आधीच ठेवून दिला. थोडा वेळ तशीच बसली, इथल्या शांततेत. मग परत लावला.