उल्कावीरसाठी अठ्ठावन्न पोस्टकार्डं

नालवाडी, वर्धा
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

चि. अंकितास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या 'उल्कावीर'चा सहावा भाग आत्ताच संपला आणि मी लगेच लिहायला बसले. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर राग निवळला असता, आणि तो मला निवळू द्यायचा नाही. घरी सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, तेवढंच.

आता ऐक. अंतराळात हवा नाही. मग त्या उल्कावीराचा झगा फडफडतो कशानं? यान फुटलं तेव्हा एवढा धडाम आवाज झाला की सासूबाईंनी देवघरातून विचारलं, काय सांडलं वो सपना. निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही हे मी आठवीला दरवर्षी घसा फोडून शिकवते. परवाच्या घटक चाचणीत चौदा पोरांनी 'जातो' असं लिहिलं, आणि एकानं पुरावा म्हणून तुमच्या मालिकेचं नाव दिलं. त्याला शून्य देताना मलाच अपराधी वाटलं, कारण त्याच मालिकेच्या शेवटी 'संवाद साहाय्य' म्हणून माझ्या सख्ख्या भावाचं नाव सरकत जातं.

बरं, तो उडतो हे मी मान्य केलं. गोष्टीत एक मोठी थाप मारायची मुभा असते, पण मारलेल्या थापेशी इमान तरी राखावं! चौथ्या भागात तो हिमालय ओलांडतो आणि सहाव्यात रहदारीत अडकल्यामुळे उशिरा पोचतो. आणि ती शास्त्रज्ञ बाई! दोन पदव्या घेऊन तिचं संशोधन काय, तर किंचाळणं. मला अशा उडत्या वीरांच्या गोष्टी लहानपणापासून जिवापाड आवडतात म्हणून बोलते. ज्याला आवडत नाही तो उठून चहा ठेवायला जातो.

प्रकृतीला जप. रागावले तरी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सपनाताई

मुंबई
२४ ऑगस्ट १९९८

सौ. ताईस अंकितचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं, ही माझी चूक. झगा फडफडतो कारण दोन्ही बाजूंनी दोन मोठे पंखे लावलेले असतात. दिग्दर्शकांचं म्हणणं, पंखे बंद केले तर हीरो दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. आवाजाचं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले की स्फोट मुका दाखवला तर लोक आपापल्या टीव्हीला थापडा मारत बसतील. यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

पण ताई, खरी गोष्ट वेगळी आहे. वाहिनीवाले प्रेक्षकांची पत्रं मोजतात आणि आमच्याकडे पत्रंच येत नाहीत. महिनाभरात आली नाहीत तर मालिका बंद. मालिका बंद झाली की मी परत सिंदीला, बाबांच्या कापडदुकानात. निघताना बाबा काय म्हणाले होते ते तुला ठाऊक आहे: वर्षभर करून पाय, नाई जमलं तं दुकानातली गादी तुयीच हाय. त्यांनी मायेनं सांगितलं, पण मला तेव्हापासून नीट जेवण जात नाही. कापडाचं थान उलगडायचं, गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की गुंडाळायचं, दिवसभर तेच. मला ते जमणार नाही आणि बाबांच्या तोंडावर नाही म्हणायची छाती नाही.

तुझ्या आठवीच्या पोरांना पोस्टकार्डं लिहायला सांग ना. ती बघतातच, हे तूच लिहिलंस. एवढं माझ्यासाठी कर.

आईला आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस. तुझ्या रागाला पात्र असलेल्या या भावावर कृपा ठेव.

तुझा,
अंकित

नालवाडी, वर्धा
रविवार, ६ सप्टेंबर १९९८

चि. अंकितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी घरात भांडी आपटत होते. ज्या मालिकेमुळे माझा वर्ग बिघडला, तिची स्तुती त्याच वर्गाकडून लिहून घ्यायची! मजकूर मी सांगणार नाही, हे आधीच ठरवलं. पोरांना एवढंच म्हटलं की ज्याला ती मालिका आवडते त्यानं वाहिनीला आपल्या मनानं पत्र लिहावं. अठ्ठावन्न जण निघाले. काय म्हणावं यांच्या आवडीला!

त्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी पत्रलेखन घेतलं होतं, त्यामुळे पत्रं चांगली ऐटबाज झाली आहेत. मी सगळी नजरेखालून घातली आणि काल टपालात टाकली.

आजच्या दहाव्या भागात एक प्रसंग मात्र झकास होता. उल्कावीराचा झगा फाटतो, तो शिंप्याकडे जातो, आणि शिंपी म्हणतो की बसा, आधी या बाईंचं ब्लाऊज होऊ द्या. जग वाचवणारा माणूस बाकावर बसून राहतो. मी हसले आणि मग मला त्याची दया आली. असा एक तरी माणूस तुमच्यात आहे ना? मग बाकीचे भाग त्याच्याकडून का लिहून घेत नाहीत? या विचारानं मला जास्तच संताप आला.

जेवणाची हेळसांड नको. तुझ्यासाठी खोटं नाही, पण अर्धं खरं करायला लावलंस, तरी लोभ कायम.

ताई

मुंबई
१२ ऑक्टोबर १९९८

सौ. ताईस नमस्कार.

तुझी अठ्ठावन्न पत्रं पोचली. वाहिनीच्या बाईंनी निर्मात्यांना आणि मला बोलावून ती टेबलावर पसरली. प्रत्येकाच्या खाली एकच सही: आपला कृपाभिलाषी, अ. ब. क. ताई, परीक्षेत स्वतःचं नाव लिहायचं नसतं म्हणून पोरं अ. ब. क. लिहितात, हे त्या मुंबईच्या बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांनी मला विचारलं की हे अ. ब. क. कोण, आणि ते एकटेच अठ्ठावन्न वेळा का लिहितात.

ते एक वेळ निभावलं असतं. पण तू ती तपासलीस! लाल शाईनं! एकावर दहापैकी सात, एकावर 'ध्वनीला माध्यम लागते, पाहा पान ४१'. खाली तुझी सही आणि तारीख. नजरेखालून घातली म्हणजे हे? निर्माते बाहेर आले आणि मला तिथंच सोडून निघून गेले.

मालिका अठराव्या भागावर गुंडाळणार. तो शिंप्याचा प्रसंग माझा होता. लेखक आजारी होते म्हणून मला मिळाला, नंतर काही दिलं नाही. दिवाळीला येत नाही, तोंड दाखवायची लाज वाटते. पुढच्या महिन्यात सामान घेऊन सिंदीलाच येतो. दिवाळीला माहेरी जाशील तेव्हा बाबांना तूच सांग की मी गादीवर बसायला तयार आहे. माझ्यानं सांगवणार नाही.

रागावलो आहे, पण दुसरं आहे कोण रागवायला?

अंकित

नालवाडी, वर्धा
रविवार, २५ ऑक्टोबर १९९८

चि. अंकितास अनेक आशीर्वाद.

लाल पेन हातात होतं आणि कागदांचा गठ्ठा समोर होता, एवढंच मला आठवतं. बावीस वर्षांच्या माझ्या भावाचं मुंबईतलं बस्तान माझ्या सवयीनं मोडलं, असं समजून मी दिवाळीत सिंदीला गेले आणि वाटभर रडले. चूक झाली रे.

दुकानात शिरले तर गादीवर मयुरी. आपली मयुरी, जिला आपण अजून धाकटी म्हणतो. एका बाईला बारा लुगडी दाखवून तेरावं गळ्यात मारत होती, आणि बाबा बाजूला स्टुलावर बसून पेपर वाचत होते. पोळ्यापासून तीच बसते, म्हणे. बाबांना मी तुझा निरोप सांगितला. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले की पोरगी माह्यापेक्षा बेस करून राह्यली, तिले आता काऊन उठवू.

मी चिडले. हे अंकितला का नाही कळवलं, असं विचारलं. तर म्हणाले, परत याले जागा नाई हे समजलं तं पोरगं तिकडं भिऊन जाईन, म्हून नाई सांगतलं. शाळेतला फळा डोक्यात घालून घ्यावा असं वाटलं मला! तुझ्या मनाला आधार म्हणून त्यांनी ही गोष्ट दोन महिने पोटात ठेवली, आणि तू त्याच आधाराच्या धाकानं उपाशी राहिलास. दोघांपैकी कोणी एक पोस्टकार्ड लिहायचं नाही, आणि माझ्याकडून मात्र अठ्ठावन्न लिहून घ्यायची.

मयुरीनंही निरोप दिला आहे. दादाले सांगजो, ये, चार दिवस राय, फराळाचं ठेवलं हाय, पण गादीकडे पाह्यजो नको.

तेव्हा सामान बांधू नकोस. काम गेलं आहे, दुसरं शोध, आणि उद्यापासून दोन वेळा जेव. भीती वाटेल, वाटू दे, पण ती आता मुंबईची असेल, सिंदीची नाही. लोभ ठेव, आम्ही तर तुला दुकानातून मोकळं केलं आहे.

तुझी,
सपनाताई