पानवेलीत चपला

माहीम (केळवे),
९ मे १९६४

नागपूरच्या घरी सप्रेम नमस्कार.

मी सुखरूप पोचले. बाबांनी अंथरूण धरल्यापासून कालपर्यंत एक शब्दही काढला नव्हता, त्यामुळे वाडीचे काम आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले आहे. वहिनी पाणी सोडतात, नातवंडे सुकलेल्या केळीच्या सोपटाने वेली बांधतात. मी कुणाला बसू देत नाही.

काल तुमचे साडू भालचंद्रराव घाईत चपलांसकट पानवेलीत शिरले. तिथे आंघोळ करून, अनवाणीच जायचे असते, हे पुण्याच्या माणसाला कुठून ठाऊक? तोच ओसरीवरून आवाज आला, "कोण हाय तो? चपला काढ! वेली मारतोस काय माझ्या?"

बाबा! आणि चक्क जावयाला अरे-तुरे! आई रडू लागली. भालचंद्रराव हात जोडून हसत राहिले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. कधी नव्हे तो त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.

आज बाबा पुन्हा गप्प आहेत, पण पेज घेतली. डॉक्टर म्हणतात, त्यांना बोलते करा. तुम्ही गुडघ्याला शेक देता ना?

रजा मिळताच या. आणि वाडीत शिरताना चपला मुळीच काढू नका.

तुमची,
हेमलता