सहा वर्षं संपर्क नाही

बाबा,

'तीर्थरूप' काही लिहवत नाही, तेवढं चालवून घ्या.

मी अकरा विद्यापीठं निवडली आहेत. आईच्या शिवणकामावर घर चालतं तेच खूप, त्यामुळे पूर्ण फी माफ झाली तरच मला शिकता येईल. त्यातल्या सात ठिकाणी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि सही लागते. आई म्हणते, "त्यांच्यापुढे हात पसरायचे नाहीत." पण आत्याने गुपचूप तुमचा पत्ता दिला, म्हणून लिहिते आहे. फक्त तेवढा दाखला द्या आणि सही करा.

इथवर लिहून पत्र दप्तरात ठेवलं होतं, पाकिटावर तिकीटही लावलं होतं. उरलेल्या चार विद्यापीठांना वडिलांशी संबंध नसल्याचं शाळेचं पत्र दिलं, तर वडिलांचे कागद लागत नाहीत. ते पत्र आज वर्गशिक्षिकांनी तयार केलं: 'वडिलांशी सहा वर्षं कसलाही संपर्क नाही.' शिक्का मारण्याआधी बाईंनी विचारलं, "हे खरं आहे ना गं?"

मी मान डोलावली, पण कान तापले.

हे पाकीट पेटीत पडलं तर बाई खोट्या पडतील. म्हणून त्या सात नावांवर फुली मारली. उरलेले चार अर्ज मी जीव ओतून लिहिलेत, उद्या जातील.

तुमच्या गप्प बसण्याचा मला पहिल्यांदाच काही उपयोग होतोय, बाबा. तो मी वाया घालवणार नाही.

तुमचीच,
धाकटी