सहाशे साडेदहा

ग्लेनव्हेल, न्यूझीलंड
११ ऑगस्ट २०२३

प्रिय लॉकी,

पर्थला सगळे खुशाल असाल. नाताळच्या कार्डाशिवाय माझं अक्षर दारात आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजू नकोस. सगळे जिवंत आहेत. आपली रग्बी टीमसुद्धा, जेमतेम.

गेल्या वर्षी दहापैकी दोन सामने जिंकलो. त्यातला एक समोरच्यांची बस बर्फात अडकून ते उशिरा पोचले म्हणून. माझं काम तेच, टीमचे कपडे. टोंगाहून सिओने नावाचा एक धिप्पाड गडी आलाय. त्याची जर्सी दोरीवर घातली की शेजाऱ्यांच्या कोबीला ऊन मिळत नाही. परवा एकट्यानं सतरा चीज रोल खाल्ले आणि मला विचारतो, "जेवण कधी आहे?"

विरेमु तुला आठवतच असेल, २१ नंबरचा. आता तो टीमची बस चालवतो आणि पोरांचे घोटे बांधून देतो. टक्कल पडलंय. गप्पा तेवढ्याच लांब.

लिहायचं होतं ते दुसरंच. ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोळात आजवर प्रांताकडून खेळलेल्या प्रत्येकाचं नाव भिंतीवर रंगवतायत, पहिला सामना ज्या क्रमानं खेळले त्या अनुक्रमांकासकट. पाठीवरचा नंबर आठवड्याला बदलतो, हा मेल्यावरही बदलत नाही, ते तुला काय सांगायचं. नावं तपासायला मला उभं केलं. सहाशे दहापर्यंत मी ठीक होते. सहाशे अकराला विरेमुचं नाव आलं, तारीख ९ ऑगस्ट १९९८, आणि माझा चष्मा ओला झाला.

विरेमु मागेच उभा होता. म्हणाला, "व्हर्ना, त्या दिवशी मी दोन कोट घालून बाकावर चीज रोल खात होतो. शेवटची चार मिनिटं तुझा भाऊ खेळला. मग दोन आठवड्यांनी मी खेळलोच, म्हणून गप्प बसलो. पण तू का गप्प बसलीस?"

लॉकी, आता सरळ लिहिते.

त्या सकाळी जर्सी ओल्या होत्या. मी तुझी हीटरवर टाकली आणि चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर विसातलं शून्य जळून भोक पडलेलं, उरला नुसता दोन. मी ती पिशवीच्या तळाशी कोंबली आणि तुला विरेमुची दिली. "त्याचा पाय दुखतोय, तो काही उतरत नाही. घाल ही," म्हणाले. तू हसून घातलीस. सामन्याच्या कार्डावर नोंद झाली २१ ची, म्हणजे विरेमुची. मैदानात सगळे भुवयांपर्यंत चिखलात. कप्तानानंही पुढे एवढंच सांगितलं, की कुणीतरी मला चेंडू दिला, चांगला दिला.

मग तू खेळल्याचं सांगायला गेलास, तेव्हा ऑफिसात टीमच्या साहेबांनी मला विचारलं, "तू याला कुठली जर्सी दिलीस?" तू शेजारीच उभा होतास. खेळाडूंना नि आम्हाला पगार मिळायला लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि मला लागून सहा आठवडे. मी म्हणाले, "वीस. मी त्याला वीसच दिली."

तू माझ्याकडे बघितलंस फक्त. घरी बाबा तुला खोटारडा म्हणाले तेव्हासुद्धा मी बटाटे सोलत राहिले. नोव्हेंबरात वसंत संपायच्या आत तू पर्थला गेलास. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचे, तिकडे पगार चांगला आहे.

तर मंगळवारी ती जळकी जर्सी ट्रंकेतून काढली आणि सचिवांच्या टेबलावर ठेवली. मेरे तामाती नाव आहे तिचं, तुझ्या थोरलीच्या वयाची असेल. सगळं सांगितलं, राजीनामाही पुढे केला. तिनं भोकातून बोट घालून बघितलं. "राजीनामा राहू दे, शनिवारी धुणार कोण? हे तुझ्या बाबांना सांगितलं होतंस?" नाही, म्हटलं. बाबा गेले तेव्हाही नाही. त्यावर तिनं जर्सीची घडी घालून ती स्वतःच्या खणात ठेवली आणि मला ते राजीनाम्यापेक्षा जड गेलं.

काल समितीची बैठक झाली. सहाशे अकरा तुझा, यावर कोणाचं दुमत नव्हतं. पण मागच्या सगळ्यांना एकेक घर सरकवायचं तर दीडशेच्या वर माणसं, आणि निम्म्यांनी नंबर अंगावर गोंदवून घेतलेत. विरेमुनं पँट वर करून पोटरी दाखवली. "माझा हवा तर काढून देतो, पण कातडीसकट न्यावा लागेल." शेवटी मेरे म्हणाली, तो विरेमुच्या आधी खेळला ना, मग आधी घाला. रंगाऱ्यानं मधल्या फटीत तुझं नाव बसवलंय: सहाशे साडेदहा. विरेमुचं म्हणणं, तू हाफ-बॅकच्या जागी खेळायचास, तुला अर्धा नंबर शोभतोच. रंग अजून ओला आहे, मी सकाळी बोट लावून बघितलं.

२३ सप्टेंबरला घरचा सामना आहे. मध्यंतरात तुला मैदानावर बोलावून जर्सी देणार आहेत. पत्र मेरेकडूनही येईल. ते नाव तुझंच आहे, मला माफ करण्यावर ते अवलंबून नाही, हे नीट समजून घे. तुझी खुर्ची मी पश्चिमेच्या स्टँडमध्ये मागितली आहे. मी पूर्वेला, धुण्याच्या खोलीच्या दाराशी असते. माझ्याशी न बोलता येऊन जाता येईल. पोरींना आण. त्यांच्या बापाचं नाव त्यांनी वाचावं, एवढंच मला हवंय. बाबांसाठी मात्र मला आता काही करता येत नाही.

मी खोटं बोलले होते. तू खेळला होतास.

तुझी बहीण,
व्हर्ना